जवानाला त्याचे हक्क आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोर्ट मार्शलची बातमी पेपरात येते ती बहुतेक मोठ्या ऑफिसरची. साध्या शिपायाचं काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितोय. मी सुभेदार म्हणून रिटायर झालोय.

शिपाई, नाईक, हवालदार यांच्यावर समरी कोर्ट मार्शल, म्हणजे युनिटमध्येच चालणारा झटपट खटला, होऊ शकतो आणि तिथे कोर्ट म्हणजे एकटे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब. बाजूला दोघं बसतात पण त्यांना मत नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर डिसमिस, म्हणजे सगळी नोकरीच गेली. बाजू मांडायला वकील नाही, 'फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड' म्हणून एक जण शेजारी असतो, तो सल्ला देतो पण साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारू शकत नाही.

मी एकदा असा फ्रेंड म्हणून बसलोय. पोरगं टोपी-बेल्ट काढून सावधानमध्ये उभं, समोर साक्षीला त्याचाच हवालदार, जो रोज त्याची ड्युटी लावायचा. मी कानात सांगतोय की वेळ विचार, तू तेव्हा गार्डवर होतास ते विचार, पण त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. शेवटी "काही विचारायचं नाही साहेब" म्हणाला. बाहेर आल्यावर मला विचारतो, मला खरंच बोलायची परवानगी होती का?

होती ना! आर्मी रूल्स 1954 मध्येच आहे की सीओसमोर पहिल्यांदा चार्ज ऐकला जातो तेव्हाच जवान साक्षीदारांना उलट प्रश्न विचारू शकतो, स्वतःचे साक्षीदार बोलावू शकतो. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या आतल्या चौकशीत, त्याच्या चारित्र्यावर किंवा नावावर काही येत असेल तर रूल 180 प्रमाणे त्याला हजर राहायची पूर्ण संधी द्यावीच लागते. "कबूल कर, लवकर सुटशील" असं बॅरेकमध्ये कुणीही सांगतं, पण कबुली घेण्याआधी त्याचा अर्थ आणि परिणाम समजावणं हे कोर्टाचं काम आहे.

रणजीत ठाकूर केस तर प्रत्येक जवानाला माहीत पाहिजे. सिग्नलमन म्हणजे सिग्नल कोरचा शिपाई होता, जेवायला नकार दिला म्हणून एक वर्षाची सक्तमजुरी, आणि ज्या सीओविरुद्ध त्याने वर तक्रार केली होती तोच कोर्टात बसलेला. सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये सगळं रद्द केलं. शिस्त मला पण प्यारी आहे, आयुष्य त्यातच गेलं, पण असल्या निकालाने शिस्त वाढत नाही, मनातला राग वाढतो.

माझं मागणं एवढंच. ट्रेनिंग सेंटरमध्ये हत्यार खोलणं-जोडणं शिकवतात तसा याचा पण एक पिरियड ठेवा, पोराच्या भाषेत. आणि शेजारी बसणाऱ्या फ्रेंडला निदान प्रश्न विचारू द्या, त्यासाठी रूल बदलावा लागला तर बदला. ज्यांचा मुलगा फौजेत आहे त्यांनी लक्षात ठेवा, प्रोसीडिंगची कॉपी मागायचा हक्क आहे, आर्मी ॲक्टच्या सेक्शन 164 खाली निकालाविरुद्ध पिटिशन करता येतं, आणि समरीत डिसमिस किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली असेल तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजेच्या केसेस ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं, दार उघडं आहे, मुंबईत पण बेंच आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार