झाडाखालचा कर्बही मोजा

महोदय,

वृक्षलागवडीवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख तळमळीने लिहिला आहे, पण 'झाड हवेतील कार्बन शोषून कायमचा साठवते' हे त्यातले वाक्य खटकले. शोषते हे खरे, पण 'कायमचा' हा शब्द खोडायला हवा. मी बरीच वर्षे माती परीक्षण प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब (म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून मातीत आलेला कार्बन) मोजण्याचे काम केले, म्हणून हा पत्रप्रपंच.

पान पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याची साखर करते. त्यातली जवळपास निम्मी साखर झाड स्वतःच्या श्वसनातच खर्च करते, म्हणजे तेवढा कार्बन लगेच परत हवेत जातो. उरलेल्याचे लाकूड, पाने, मुळे होतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतूनच आलेला असतो. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हान हेल्माँट याने पाच वर्षे विलोचे झाड कुंडीत वाढवले, तेव्हा त्याचे वजन 5 पौंडांवरून 169 पौंडांवर गेले. मातीचे वजन मात्र जेमतेम 2 औंसांनी घटले. यावरून झाड पाण्याचेच बनते, असे त्याने ठरवले. गंमत अशी की 'गॅस' हा शब्दही त्याचाच आणि कोळसा जळताना निघणारा वायूही (म्हणजे कार्बन डायऑक्साइडच) त्याला माहीत होता, पण झाडाशी त्याची सांगड घालणे काही त्याला सुचले नाही!

झाड मेले, कुजले किंवा जळले की हा कार्बन पुन्हा हवेत जातो. पालापाचोळ्याचेही तेच. बुरशी आणि जिवाणू त्यातला बहुतेक भाग काही वर्षांत फस्त करतात. टिकतो तो थोडासाच. मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष आणि मुळांतून झिरपलेले पदार्थ चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात किंवा ढेकळांच्या आत दडून बसतात. तिथे जिवाणू पोहोचत नाहीत, म्हणून तो कर्ब शेकडो, खोल थरांत तर हजारो वर्षे राहतो. वरून पडणाऱ्या पानांपेक्षा जारव्यातून, म्हणजे बारीक मुळ्यांच्या जाळ्यातून, येणारा कर्ब अधिक टिकतो, हेही लक्षात घ्यावे. खोल नांगरट केली की ही ढेकळे फुटतात, आत हवा शिरते आणि जपून ठेवलेली पुंजी उधळली जाते.

ही पुंजी थोडीथोडकी नाही. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे 1500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. जगातल्या सगळ्या वनस्पतींत मिळून सुमारे 450 आणि हवेत 900 अब्ज टनांच्या आसपास. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदल. ती जमिनीच्या फक्त 3 टक्के भागावर आहे, पण तिच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या झाडांपेक्षा जास्त भरतो. अशी दलदल कोरडी करून किंवा जुना गवताळ माळ नांगरून रोपे लावली, तर अनेकदा रोपे जितका कार्बन मिळवतात त्याहून जास्त कार्बन माती गमावते.

प्रयोगशाळेत आम्ही मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचो. कर्ब जितका जास्त, तितका नारिंगी रंग हिरवटाकडे झुकायचा. (या पद्धतीत सुमारे तीन-चतुर्थांश कर्बच सापडतो, म्हणून उत्तराला 1.3 ने गुणायचे. हे विसरणारे बरेच पाहिले.) एक हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 2000 टन माती असते. तिथला कर्ब 0.5 वरून 0.6 टक्क्यावर गेला, तर 2 टन कार्बन वाढला. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर सात टनांहून थोडा अधिक. पण एवढ्या वाढीला बहुधा वर्षे लागतात आणि पुढे कधीतरी माती भरते, म्हणजे तिच्यात आणखी कर्ब मावत नाही. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून दरवर्षी सुमारे 10 अब्ज टन कार्बन हवेत जातो, तो सगळा मातीत मुरवता येईल असे माझे मुळीच म्हणणे नाही.

विनंती एवढीच. यापुढे लाख-दोन लाख रोपांची बातमी छापताना, लागवडीआधी त्या जागेचा सेंद्रिय कर्ब किती होता आणि पाच वर्षांनी किती भरला, हेही संबंधितांना विचारावे. तो आकडा त्यांच्याकडे नसेल, तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त मृदा-परीक्षक