रिकी टॉमलिन्सनबद्दल अर्धीच गोष्ट

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश विनोदी नटांवरचा लेख वाचला. रिकी टॉमलिन्सनच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन परिच्छेद आले आहेत. संपातल्या दंगलीबद्दल शिक्षा झालेला आणि पुढे नाव झाल्यावर राजकारणावर वाटेल ते बोलणारा नट, अशी त्याची ओळख करून दिली आहे. माझी सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर ओव्हरसियर म्हणून झाली. त्यामुळे हा माणूस मला नट म्हणून कमी आणि गिलावा करणारा गवंडी म्हणून जास्त माहीत आहे. त्या नात्याने हे पत्र.

टॉमलिन्सनचा जन्म 1939 चा. तो वाढला लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागात. वडील बेकरीत कामाला. रिकी गिलाव्याचं काम शिकला आणि संध्याकाळी पबमध्ये बँजो वाजवून वर चार पैसे मिळवायचा. त्या काळी ब्रिटनमध्ये बांधकामावर उक्त्याची पद्धत बोकाळली होती. मजूर कंपनीच्या हजेरीवर नाही, कागदोपत्री तो 'स्वतंत्र व्यावसायिक'. ठेकेदाराने रोख पैसे हातावर टेकवायचे आणि मोकळं व्हायचं. रजा नाही, विमा नाही, परांचीवरून पडला तर त्याचं नशीब. आपल्याकडच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

1972 च्या उन्हाळ्यात तिथल्या बांधकाम मजुरांचा पहिला देशव्यापी संप झाला. आठवड्याला 35 तास काम, 30 पौंड पगार आणि उक्त्याची पद्धत बंद, या मागण्या होत्या. ज्यांनी बांधकामावर माणसं सांभाळली आहेत त्यांना ठाऊक आहे की कारखान्यासारखं एक फाटक अडवून इथे संप होत नाही. साइट्स विखुरलेल्या, प्रत्येक ठिकाणी दहा-वीस माणसं. म्हणून संपवाले बसगाड्या करून गावोगावच्या साइटवर जाऊन काम बंद करायला सांगत. 6 सप्टेंबर 1972 ला असाच एक जथा नॉर्थ वेल्समधून श्रूजबरी आणि टेलफर्डच्या साइट्सवर गेला. टॉमलिन्सन त्यात होता. पोलिसही दिवसभर सोबत होते. त्या दिवशी एकालाही अटक झाली नाही!

संप मिटला, पगारवाढ झाली. खटले भरले गेले ते त्यानंतर काही महिन्यांनी. लेखात नेमकी हीच जागा रिकामी आहे. 1875 च्या कायद्याप्रमाणे धमकावल्याबद्दल जास्तीत जास्त तीन महिन्यांची कैद होती. पण आरोप धमकावण्याचा न ठेवता धमकावण्याच्या 'कटा'चा ठेवला की शिक्षेला वरची मर्यादाच उरत नव्हती. म्हणून कटाचा आरोप ठेवला. डिसेंबर 1973 मध्ये श्रूजबरीच्या न्यायालयाने संपातला त्याचा साथीदार डेस वॉरन याला तीन वर्षं आणि टॉमलिन्सनला दोन वर्षं शिक्षा दिली. खरा कट गृहमंत्री, मालक आणि पोलिसांचा आहे, असं वॉरनने आरोपीच्या पिंजऱ्यातूनच सुनावलं होतं. आपण राजकीय कैदी आहोत म्हणून दोघांनी तुरुंगाचे कपडे घालायला नकार दिला, उपास केले, एकांतात दिवस काढले. 1974 मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, तरी त्यांना सोडलं नाही. स्वतःला कामगारांचं म्हणवणाऱ्या सरकारचा हा अनुभव टॉमलिन्सन पुढे कधीच विसरला नाही. खाणकामगारांचे पुढारी आर्थर स्कारगिल यांच्या वेगळ्या समाजवादी पक्षाची बाजू त्याने घेतली त्याचं मूळ इथे असावं, असं मला वाटतं.

सुटून आल्यावर त्याचं नाव मालकांच्या काळ्या यादीत. हातात कसब असूनही कोणी थापी धरू देईना. मग पोटासाठी क्लबमध्ये बँजो, विनोद, मिळेल तो कार्यक्रम. म्हणजे मतं आधी, त्यांची किंमत नंतर, आणि नट होणं त्याच्याही नंतर. लेखकाने हा क्रम नेमका उलटा लावला आहे.

1982 मध्ये चॅनल फोरवर 'ब्रुकसाइड' ही मालिका सुरू झाली आणि तीत त्याला युनियनवाल्या बॉबी ग्रँटची भूमिका मिळाली. 1991 च्या 'रिफ-रॅफ' चित्रपटासाठी दिग्दर्शक केन लोच यांना बांधकामावर खरंच राबलेले नट हवे होते. टॉमलिन्सनने त्यात साइटवरच्या असुरक्षिततेबद्दल तक्रार करणारा आणि त्यापायी काम गमावणारा मजूर उभा केला आहे. तयार फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवायचा असतो, त्याच्याच बाथटबमध्ये हा गडी निवांत डुंबत असतो आणि नेमकी गिऱ्हाइकं आत येतात, तो प्रसंग मी जितक्यांदा पाहिला तितक्यांदा हसलो आहे. आमच्या मजुरांनी बांधलेल्या संडासाचं दार त्यांच्यासाठी कधी उघडं नसायचं, हे आठवून नंतर तेवढं हसू येत नाही.

त्याला घराघरांत नेलं 1998 च्या 'द रॉइल फॅमिली' या विनोदी मालिकेने. त्यातला जिम रॉइल सोफ्यावरून उठत नाही, बिलावरून कुरकुरतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन शब्द फेकतो, जे आपल्या पत्राच्या स्तंभात छापता येणार नाहीत. हा आळशी जिम म्हणजेच टॉमलिन्सन, असा लेखकाचा समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात हा माणूस म्हातारपणीही खटला पुन्हा उघडावा म्हणून सभांना जात होता.

त्याला देव्हाऱ्यात बसवावं असं माझं म्हणणं नाही. तरुणपणी तो काही काळ नॅशनल फ्रंटचा सभासद होता. गोऱ्या नसलेल्या स्थलांतरितांना, म्हणजे आपल्याकडून तिथे गेलेल्या लोकांनाही, देशाबाहेर घालवा म्हणणारा हा पक्ष. टॉमलिन्सनने ते लपवलं नाही आणि त्याची लाज वाटते हेही सांगितलं. तुरुंगात हाती आलेल्या, रंगाऱ्यांच्या जगण्यावरच्या एका जुन्या कादंबरीने आपले विचार बदलले, असं तो सांगत आला आहे. कष्टकऱ्यांच्या घरात जन्मलेला नट म्हणजे डावाच, हे समीकरणही खरं नाही. नट मायकल केनचे वडील लंडनच्या मासळीबाजारात हमाली करत. तो मात्र मजूर पक्षाच्या काळातल्या करांना वैतागून अमेरिकेत जाऊन राहिला, आणि ब्रेक्झिटच्या बाजूने उघड बोलला. त्याच्या रोखठोकपणाबद्दल आपल्या लेखात कौतुकाचे शब्द आहेत. टॉमलिन्सनच्या वाट्याला 'तोंडाळ' हा शब्द का आला, हे लेखकच सांगू शकतील.

आता मूळ मुद्दा. 23 मार्च 2021 रोजी लंडनच्या अपील न्यायालयाने टॉमलिन्सनसह 14 जणांची दोषसिद्धी रद्द केली. खटल्याच्या वेळी टीव्हीवर दाखवलेल्या एका कम्युनिस्टविरोधी कार्यक्रमामुळे ज्यूरीचं मन कलुषित झालं, हा अपिलातला दुसरा मुद्दा न्यायालयाने मान्य केला नाही, हेही सांगायला हवं. शिक्षा टिकली नाही ती वेगळ्या कारणाने. साक्षीदारांचे मूळ हस्तलिखित जबाब पोलिसांनी नष्ट केले होते आणि ही गोष्ट बचाव पक्षाला कळवलीच नव्हती. त्यामुळे जबाब वेळोवेळी कसे बदलत गेले हे ज्यूरीपुढे आलंच नाही. निकाल आला तेव्हा टॉमलिन्सन 81 वर्षांचा होता. आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभंच करायला नको होतं, असं तो म्हणाला. डेस वॉरन 2004 मध्येच पार्किन्सनने गेला होता. तुरुंगात पाजलेल्या गुंगीच्या औषधांनी हा आजार जडला, असं त्याच्या घरच्यांचं ठाम मत आहे. चौदांपैकी इतर काही जणही निकाल ऐकायला उरले नव्हते.

तेव्हा 'दंगलीबद्दल शिक्षा झालेला' हे शब्द जसेच्या तसे राहू देऊ नयेत. येत्या रविवारी, लेख आला त्याच पानावर, 2021 मध्ये ही दोषसिद्धी रद्द झाल्याची चार ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, सांगली