प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर का घेता?

संपादक महोदय,

मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आजही लॅपटॉपवर चालवून दाखवतात आणि पेन ड्राइव्हवर जमा करतात. चौघांनी चार महिने वेगवेगळा कोड लिहायचा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तो जोडायचा. ही पद्धत बंद करून डेव्हऑप्सची पद्धत आणावी, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी नवी लॅब लागत नाही.

कोड लिहिणारे आणि तो सर्व्हरवर चालता ठेवणारे यांनी मिळून काम करायचे, याला डेव्हऑप्स म्हणतात. बेल्जियममधील गेंट येथे 2009 साली झालेल्या परिषदेपासून हे नाव रूढ झाले. त्यातले कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणजे प्रत्येकाने निदान रोज एकदा आपला कोड मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सर्वांच्या सामाईक प्रतीत, मिसळायचा आणि दर वेळी कोऱ्या मशीनवर बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणे) व टेस्ट आपोआप चालायच्या. पास झालेले बिल्ड केव्हाही सर्व्हरवर चढवता येईल असे तयार ठेवणे ही कंटिन्युअस डिलिव्हरी. चढवायचे बटण माणसाच्या हाती असते. तेही आपोआप दाबले गेले की ती कंटिन्युअस डिप्लॉयमेंट. मुलाखतीत मुले नेमकी इथेच अडखळतात.

सुरुवात सोपी आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवणारी जागा) उघडली की टेस्ट चालवायला तिथली नेहमीची मशीन फुकट मिळतात. यामल भाषेतली पंधरा-वीस ओळींची एक फाइल पुरते: कोड उतरवा, भाषेची ठरावीक आवृत्ती बसवा, लायब्ररी घ्या, टेस्ट चालवा. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी लागते. अपयशाची पहिली लाल फुली बहुधा त्यामुळेच येते.

त्यानंतरच्या चुका जास्त शिकवणाऱ्या असतात. विंडोजवर फाइलच्या नावातला कॅपिटल एस आणि स्मॉल एस एकच धरला जातो, गिटहबच्या मशीनवर सहसा असणाऱ्या लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली होतात. म्हणून लॅपटॉपवर धडधडीत चालणारा प्रोग्राम तिथे ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबतो. ते मशीन जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. लातुरात रात्री दोनला कोड पुश केला, म्हणजे गिटहबवर पाठवला, तर तिथे कालचीच तारीख असते आणि ‘आजची हजेरी’ तपासणारी टेस्ट पडते. डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला, म्हणजे रिपॉझिटरीच्या इतिहासात नोंदला गेला, तर फाइल पुसून भागत नाही, तो जुन्या कमिटमध्ये राहतोच. पासवर्डच बदलावा लागतो.

हाताने सर्व्हरवर कोड चढवण्याची किंमत अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने मोजली. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला आणि 1 ऑगस्ट 2012 रोजी सुमारे पाऊण तासात 44 कोटींहून अधिक डॉलर बुडाले.

आपल्याकडे भारनियमनाचे कारण पुढे केले जाते. पण टेस्ट दूरच्या मशीनवर चालतात. इथून जातो तो काही केबी मजकूर, त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रोजेक्टची रिपॉझिटरी पहिल्याच आठवड्यात उघडून घ्यावी. बाह्य परीक्षकांनीही डेमोआधी कमिटचा इतिहास पाहावा: कोणी, कोणत्या तारखेला, किती काम केले आणि टेस्ट कधी पडली, कशी दुरुस्त झाली. गुण त्यावर द्यावेत.

— संगणक अभियांत्रिकीचे काही अध्यापक, लातूर