आरोग्यमंत्री साहेब, घरी घेतलेली गोळी म्हणजे उपचार नव्हे का?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

सोमवारी माझ्या मिस्टरांच्या कॅन्सरच्या गोळ्यांसाठी एका रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर गेले होते. पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, असे सरकारने जाहीर केले आहे. उत्तर मिळाले, "काकू, पेशंट ॲडमिट असेल तर बघू. घरी घ्यायच्या गोळ्या बसत नाहीत."

साहेब, प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर हाडांत गेला की माणूस कायम ॲडमिट नसतो. तो घरी असतो, कूस बदलताना ओरडत असतो. अबिरॅटेरॉन या कॅन्सरच्या औषधाच्या चार गोळ्या रोज उपाशीपोटी, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, आणि गुण येतोय तोवर हे थांबवायचे नाही. पीएसए ही रक्ताची तपासणी, स्कॅन, हाडांचे इंजेक्शन, सगळे वेगळे.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर वाढतो. तो हार्मोन बंद करायला ह्यांच्यापुढे दोन मार्ग होते. दर तीन महिन्यांनी महागडे इंजेक्शन, नाहीतर वृषणे काढून टाकणे. शस्त्रक्रिया भरती होऊन एकदाच होते, म्हणून ती योजनेत बसली. इंजेक्शन बसले नाही. ह्यांनी सही केली आणि कितीतरी दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. हा निर्णय ना डॉक्टरांचा, ना ह्यांचा. योजनेत कोणते उपचार बसतात, त्या तुमच्या पॅकेजच्या यादीचा. मुलांसमोर हे बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

फेब्रुवारी 2019 मध्ये केंद्राने कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली. मग आमच्या त्याच गोळ्या लालबागच्या दुकानात एका भावाने आणि परळला जवळजवळ निम्म्या भावाने कशा मिळतात? छापील किंमत बघून मी पहिल्या महिन्यात पाटल्या मोडल्या. त्या कोण परत देणार?

आणि स्वस्त करता येत नाही, हे मला सांगू नका. इथेच परळला, टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या गटाने, 40 औषधे एकत्र खरेदी केली. त्यांतल्या निम्म्या औषधांवर 82 टक्के किंवा त्याहून जास्त पैसे वाचले. राज्य सरकारला एवढी खरेदी जमत नाही? होर्डिंगला पैसे आहेत, उद्घाटनांना आहेत. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाने मात्र खाट अडवली तरच तो आजारी!

घरी घ्यायच्या गोळ्या आणि इंजेक्शन योजनेत घाला. कधी घालणार, ती तारीख लेखी कळवा. "विचाराधीन आहे" असे उत्तर पाठवू नका.

लालबागची एक रहिवासी