एकवीस दिवसांचा चमत्कार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला 'तो' लेख वाचला. वाचला म्हणजे नणंदेने सकाळी सातलाच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवला, वर हात जोडलेले तीन, खाली "वहिनी, आपण पण तेव्हा हेच करायला पाहिजे होतं". मग पेपर उघडून दोनदा वाचला. रात्री झोप आली नाही म्हणून लिहितेय. कुठे तोल गेला असेल तर तेवढं कापा, मुद्दा कापू नका.

ब्लड कॅन्सर झालेल्या मुलीसाठी एकवीस दिवसांचं अनुष्ठान केलं, महिन्याभरात रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टरही चकित! अहो, डॉक्टर कशाला चकित होतील? लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि केमो सुरू केली की पहिल्या चार-पाच आठवड्यांत बहुतेक मुलांच्या बोनमॅरोचा रिपोर्ट क्लीन येतोच. आमच्या मुलाचा २०१६ साली आला होता आणि त्या महिन्यात आमच्या देवापुढे साधा दिवासुद्धा लागला नव्हता कारण घराला कुलूप आणि आम्ही सगळे मुंबईला, परळच्या हॉस्पिटलात. आणि क्लीन म्हणजे बरं झालं असं नाही, मायक्रोस्कोपखाली दिसत नाही एवढंच. त्यानंतर दोन-अडीच वर्षं काढावी लागतात, पाठीच्या कण्यातून इंजेक्शनं, रोज रात्रीच्या गोळ्या, सारख्या सीबीसी म्हणजे रक्ततपासण्या, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशी खाली गेल्या की घरात कोंडून घ्यायचं. तुमच्या पूर्ण पानाच्या लेखात याला किती जागा मिळाली ते मोजलं मी. "उपचारही सुरू होते." तीन शब्द. आणि नेमकं याच वेळी, ताप गेलाय, मूल जेवायला लागलंय, तर आता कशाला पोराचे हाल, म्हणून लोक गावी निघून जातात. आमच्या शेजारच्या खोलीतलं एक कुटुंब असंच गेलं. आठ महिन्यांनी परत आले तेव्हा डॉक्टरांकडे द्यायला फार काही उरलं नव्हतं.

मी देव न मानणारी नाही, उगाच तो शिक्का मारू नका. दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत राहिलेय मी, ज्या माणसाने जन्मभर नवसाबिवसाची टर उडवली त्याच्याच छपराखाली एकही बाई बिननवसाची नव्हती, माझ्यासकट. प्रश्न माझ्या मुलाचा आहे. तो तेव्हा आठ वर्षांचा. शेजारच्या बेडवर वसईचा एक मुलगा होता, त्याने याला सांगितलं की बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा हात, मेणाचा पाय वाहतात, जे दुखतं ते वाहायचं. झालं, रोज तेच. काउंट बरे होते त्या दिवशी डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, टॅक्सी करून नेला. बाहेरच्या स्टॉलवर सगळं होतं, हात, पाय, डोकं, बाळ, अगदी घरसुद्धा. याने विचारलं, रक्त आहे का? स्टॉलवाल्या मावशी गप्पच झाल्या, मग म्हणाल्या पूर्ण बाहुली घे बाळा, त्यात सगळं येतं. तर हा म्हणतो, "पण माझं फक्त रक्तच खराब आहे." शेवटी साधी मेणबत्ती घेतली. टॅक्सीत रडला, माझा नवस चुकला म्हणून.

वसईच्या मुलाने पूर्ण बाहुली वाहिली होती. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

आता तुमच्या लेखातलं शेवटचं वाक्य घ्या, अढळ श्रद्धा असेल तिथे आजार हरतो म्हणे. म्हणजे त्या पोराची श्रद्धा कुठे हलली होती तेवढं लेखिकाबाईंनी कळवावं. माझ्या मुलाने तेव्हा मला हेच विचारलं होतं, की त्याने तर नीट केलं होतं ना गं, आणि मी चुकलो होतो. मग उलटं कसं झालं? मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. तुम्हाला मात्र ते मिळालंय, रंगीत फोटोसकट. त्यानंतर हा कुठल्या देवळात हट्ट करून गेला नाही, फक्त प्लेटलेटची पिवळी पिशवी लावली की तिच्याकडे बघून हात जोडायचा. का, तर म्हणे कोणी दिली ते लिहिलेलंच नाही, नुसता नंबर आहे. नणंदेने आणलेला अंगारा मात्र उशीखालून काढून ड्रॉवरमध्ये टाकला, आणि त्यावरून ती जे बोलली, "श्रद्धा कमी पडते तुमची", ते काल तुमच्या पेपरात छापून आलं बघा.

आणि याच लेखाखाली कोण्या महाराजांची जाहिरात, असाध्य रोग, गृहक्लेश, परदेश व्हिसा, सगळं चोवीस तासांत. दाभोलकरांचा खून झाला आणि २०१३ सालीच जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं गुन्ह्यात धरलंय. तेव्हाचे तुमचे अग्रलेख मी कापून ठेवलेत, हवे तर झेरॉक्स पाठवते.

खुलासाबिलासा छापू नका, तो आतल्या पानावर कोपऱ्यात येतो आणि कोणी वाचत नाही. एकच करा. त्या मुलीच्या घरच्यांचा नंबर तुमच्याकडे असणारच. त्यांना फोन करा आणि विचारा, पुढची केमो चालू आहे ना.

आपली,
एक आई, कराड
(नाव छापू नये)

ता. क. मुलांचं पान बंद करून तिथे राशिभविष्य मोठं का केलंत? वॉर्डात त्या 'ठिपके जोडा'साठी भांडणं व्हायची.