रॉजर स्टॉबॅक यांची सुट्टीतली नोकरी

मा. संपादक, स. न.

खेळाडू उद्योगात यशस्वी झाला की सगळे श्रेय ‘मैदानावरच्या नेतृत्वगुणां’ना दिले जाते. अमेरिकी फुटबॉलमधील रॉजर स्टॉबॅक यांच्याबद्दलही तसेच लिहिले जाते. त्यांनी धंदा शिकण्यात घातलेली वर्षे मात्र त्यात हरवतात.

नौदल अकादमीकडून खेळताना 1963 साली त्यांना महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हाइजमन करंडक, मिळाला. रंगांधळेपणामुळे नौदलात ते पुरवठा विभागात गेले. व्हिएतनाममधल्या चू लाई तळावरही त्यांनी तेच काम केले. 1969 मध्ये, 27 व्या वर्षी, ते डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाकडे आले. क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) म्हणून नाव होत असतानाच हंगाम संपला की ते डॅलसमधल्या एका मालमत्ता कंपनीत काम करत. 1977 मध्ये त्यांनी भागीदारीत स्वतःची कंपनी काढली, तेव्हा ते अजून खेळत होते. निवृत्ती आली 1980 मध्ये.

त्यांचा खरा निर्णय होता टेबलाच्या कोणत्या बाजूला बसायचे हा. कंपनीने हळूहळू जागामालकांऐवजी भाडेकरू कंपन्यांची बाजू धरली. या कामात नेतृत्वापेक्षा हिशेब लागतो. मुंबई-पुण्यातल्या कार्यालयांचेच पाहा. एका इमारतीत चार्जेबल क्षेत्रावर (सामाईक जागेचा वाटा धरून ज्यावर भाडे लागते ते) चौरस फुटाला 100 रुपये दर आहे, पण कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापराची जागा, त्याच्या 60 टक्केच. म्हणजे वापरातल्या जागेला सुमारे 167 रुपये पडतात. शेजारी दर 110, पण कार्पेट 75 टक्के. तिथे सुमारे 147. वरवर महाग दिसणारी जागाच स्वस्त निघते. त्यावर देखभाल शुल्क, दरवाढीचा टप्पा, लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट) आणि अंतर्गत सजावटीसाठीचे बिनभाड्याचे महिने मांडल्याशिवाय तुलना होतच नाही. करार संपायला दोन-तीन महिने उरल्यावर शोध सुरू करणारा भाडेकरू हमखास फसतो, कारण त्याला हलायला वेळ नाही हे मालकाला दिसत असते. मोठ्या कार्यालयासाठी वर्ष-दीड वर्ष आधीच निघावे लागते. शिवाय दलाली बहुधा मालकाकडून येते. म्हणून सल्लागार नेमका कोणाचा, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

हे सगळे कागदावर बसूनच शिकावे लागते. 2008 मध्ये स्टॉबॅक कंपनी जोन्स लँग लासाल या मालमत्ता सल्लागार कंपनीने 61.3 कोटी डॉलरला विकत घेतली आणि स्टॉबॅक तिच्या अमेरिका विभागाचे कार्यकारी अध्यक्ष झाले. हंगामाबाहेरच्या त्या पहिल्या नोकरीला तोवर तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता.

आपल्याकडे क्रीडा कोट्यातून बँकेत लागलेल्या खेळाडूला हंगाम नसताना बरेचदा हजेरीपुरते बसवले जाते. त्याच महिन्यांत त्याला कर्ज विभागात, ताळेबंद वाचायला शिकवणाऱ्या अधिकाऱ्याशेजारी बसवावे, अशी बँकांना आमची विनंती आहे. आपल्या क्रीडापानानेही खेळाडूंच्या मुलाखतीत ‘हंगाम नसताना काय शिकता?’ हा प्रश्न जरूर घ्यावा.

— कार्यालयीन जागांच्या भाडेव्यवहारात काम करणारे काही वाचक, पुणे