थँक्यू काका, ट्यूब बदलताना सगळं समजावून सांगितल्याबद्दल

वायरमन काका, त्या दिवशी तुम्ही गडबडीत निघालात आणि नीट आभार मानायचं राहूनच गेलं, म्हणून आता लिहितेय.

जुनी ट्यूब काढून एलईडी ट्यूब लावायची म्हटलं की चोक (जुन्या ट्यूबचा करंट आवरणारा डबा) उडव, डायरेक्ट कर, झालं, एवढंच सगळे सांगतात. तुम्ही मात्र आधी एलईडी ट्यूबच्या खोक्यावरची आकृती बघायला लावलीत. चोकवर चालणारी ट्यूब वेगळी, डायरेक्ट सप्लायवाली वेगळी, आणि डायरेक्टमध्येही काहींना फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात तर काहींना एक इकडे एक तिकडे, हे मला आजवर कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं! बटण बंद असूनही तुम्ही मेन एमसीबी (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) पाडलात, कारण बटण चुकून न्यूट्रलवर असलं तर फिटिंगमध्ये फेज तसाच उभा असतो. आणि टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघितलात, पाडल्यावर मग फिटिंगला, म्हणजे टेस्टरच बंद पडलेला नाही ना याची खात्री.

सगळ्यात भारी म्हणजे ते मल्टिमीटरचं. होल्डरच्या दोन पिनांना लावलंत आणि बीप वाजला नाही, तेव्हा म्हणालात हा चालेल. बीप वाजला असता तर दोन्ही पिना आतून जोडलेल्या, आणि आपल्या ट्यूबला तर फेज-न्यूट्रल त्याच दोन पिनांवर द्यायचे होते, म्हणजे एमसीबी वर केल्या केल्या सरळ शॉर्ट. दहा सेकंदांचं काम पण किती जण करतात देव जाणे.

काढलेला चोक हातात घेतला तर केवढा जड, वर 36 वॅटच्या ट्यूबबरोबर हा स्वतःच आठ-दहा वॅट नुसता तापण्यात घालवायचा म्हणे. जुनी ट्यूबही फोडून कचऱ्यात न टाकता नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून ई-कचऱ्याला द्यायला सांगितलीत, आत पारा असतो म्हणून. तशी दिली.

ट्यूबच्या पट्टीवर, म्हणजे फिटिंगवर, 'फक्त एलईडी, चोक नाही' असं लिहून चिकटवलंत त्याचं आधी हसू आलं होतं खरं, पण उद्या कोणी जुनी ट्यूब तिथे अडकवली तर तिच्या फिलामेंटवर सगळं व्होल्टेज थेट जाईल हे कळल्यावर मीच वरून सेलोटेप मारली.

पॅसेजमधली पट्टी इलेक्ट्रॉनिक चोकची निघालीये काका, तिला मी हात लावलेला नाही, तुम्ही सवडीने या.